अर्धी पुसलेली पाटी

घरातल्या वस्तू बिघडतात त्यालाही एक रीत असते. पंखा बिघडायचा असला म्हणजे आधी महिनाभर कुरकुरतो. नळ जायचा असला म्हणजे रात्रभर टिपटिपत राहून तुमची झोप मोडतो. सायकलची साखळी, शिलाई मशीनचा पट्टा, खुर्चीचा पाय, ही सारी मंडळी आधी आजारी पडतात आणि मग जातात. त्यांच्या जाण्याला म्हातारपणाचे कारण असते, म्हणून आपल्याला फारसे वाईट वाटत नाही. पण अलीकडच्या वस्तूंना एक निराळेच मरण येऊ लागले आहे. चांगली धडधाकट वस्तू, नवी होता होता मरते! तिची सुधारणा चालू असते आणि त्या सुधारणेतच तिचा घात होतो. हे मरण मी यंदाच्या पावसाळ्यात प्रथम पाहिले आणि ते माझ्या मनातून जायला तयार नाही.

मेला तो आमचा राउटर. सोमेश्वरनगर म्हणजे काही शहर नव्हे. करंज्याच्या सोमेश्वराचे नाव घेतलेला साखर कारखाना, त्याच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती, नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आणि नजर जाईल तिथवर ऊस. परंतु इथेही आता घरोघर भिंतीवर एक पेटी टांगलेली असते. बाहेरून आलेली तार तिच्या पोटात शिरते आणि तिथून वायफाय होऊन घरभर पसरते. शाळेची माहिती त्यातून भरायची, मुलांचे निकाल त्यातून पाहायचे. २०२५ साली तर अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. देवघरातला दिवा विझला तर एक वेळ कुणाच्या ध्यानात येणार नाही, पण या पेटीचा दिवा विझला की साऱ्या घराचे चेहरे उतरतात!

असल्या पेट्यांना मालक झोपला असता स्वतःला नव्या करून घेण्याची सोय असते. पहाटे तीन वाजता नवे फर्मवेअर बसेल, असे आमच्या पेटीने आदल्या दिवशी कळवलेही होते. नेमका त्याच सुमारास विजांचा कडकडाट झाला, पाऊस आला आणि वीज गेली. सकाळी पाहतो तो पेटीवर एकच नारिंगी दिवा, आणि तोही डोळा मिचकावायला तयार नाही. बटण बंद करून पाहिले, चालू करून पाहिले. मागच्या भोकात टाचणी खुपसून दहापर्यंत अंक मोजले. काही नाही. घरातून सल्ला आला, "अहो, नवाच आणा आता एक."

या धंद्यातले लोक असल्या निकामी यंत्राला 'वीट' म्हणतात. का, तर ते आता विटेइतकेच उपयोगी राहिले म्हणून! इंग्रजीत हे ठीक आहे. आपल्याकडे विटेचा मान मोठा. पंढरीचा देव तिच्यावर अठ्ठावीस युगे उभा आहे. शिवाय मराठीत तो वीट निराळा आणि ती वीट निराळी. मला मात्र त्या सकाळी व्याकरणातली ही दोन्ही लिंगे एकाच पेटीत भेटली.

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा हल्ली या भागात तारा ओढण्याचे काम करतो. त्याला बोलावले. त्याने पेटी उलटी केली, खालच्या चिठ्ठीवरचा नमुना आणि आवृत्ती वाचली, दिव्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, फेकू नका. मेलेलं नाही हे. अर्धवट झालंय."

अर्धवट! माणसाला आपण जो शब्द लावतो तोच. त्याने मग मला जे समजावून सांगितले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. माझ्या नावापुढे पदवी नाही, आजोबांच्या भाषेत मी नुसता मॅट्रिक. म्हणून मला कुठलीही गोष्ट पाटी-पेन्सिलीवर आणून ठेवल्याशिवाय कळत नाही.

राउटरच्या पोटात एक स्मृती असते. तिच्यावर त्याचे सारे शहाणपण लिहिलेले असते. त्यालाच फर्मवेअर म्हणायचे. १९६७ साली ॲशर ओप्लर या अमेरिकन तज्ज्ञाने हा शब्द वापरला. तेव्हा त्याचा अर्थ जरा निराळा होता, पण कल्पना हीच, की यंत्राच्या कठीण अंगापेक्षा मऊ आणि रोज बदलणाऱ्या मजकुरापेक्षा कठीण असे मधले काही तरी. आता या स्मृतीची मौज अशी की तिच्यावर गिरवून दुरुस्ती करता येत नाही. आधीचे पुसावे लागते, तेही एकेका अक्षराने नव्हे, मोठाल्या चौकटींनी. आणि मग नवे लिहावे लागते. म्हणजे पाटीच! नवे फर्मवेअर बसताना एक वेळ अशी येते की जुने पुसून झालेले आहे आणि नवे अजून लिहायचे आहे. त्या घडीला वीज गेली की पाटीवर वरच्या चार ओळी नव्या धड्याच्या आणि खाली कोरी काळी जागा. राउटरला ना जुने आठवते, ना नवे कळते.

पण पाटीचा एक कोपरा सहसा कुणी पुसत नाही. त्याला बूटलोडर म्हणतात. वीज येताच जागे व्हायचे, पुढचा मजकूर धड आहे की नाही हे बेरीज करून ताडून पाहायचे आणि धड असला तर त्याच्या हाती कारभार द्यायचा, एवढेच त्याचे काम. बेरीज जुळली नाही तर पुष्कळ राउटरांतला हा कोपरा आहे तिथेच थांबतो आणि तारेवरून मदतीची हाक मारतो. हाक मारण्याच्या तऱ्हा ज्याच्या त्याच्या. टीपी-लिंकचे बरेच राउटर १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर कुणी आहे का म्हणून विचारतात आणि ठरावीक नावाचीच फाइल मागतात. असूसचे राउटर अशा वेळी दिवा सावकाश उघडमीट करीत वाट पाहतात. डी-लिंकच्या कित्येक राउटरांत संकटकाळासाठी एक साधेसे पानच राखून ठेवलेले असते. तो कोपराही पुसला गेला तर मात्र पेटी फोडून आतल्या पिनांना तारा जोडाव्या लागतात. ते काम कारागिराचे.

आमच्या पेटीचा कोपरा शाबूत होता. मुलाने मोबाइलच्या इंटरनेटवरून कंपनीची फाइल उतरवून घेतली. आवृत्ती एकाने जरी चुकली तरी औषधाचे विष होते, म्हणून चिठ्ठीशी दोनदा ताडून पाहिली. पेटी इन्व्हर्टरवर लावली, म्हणजे पुन्हा वीज गेली तरी पंचाईत नको. मग माझा जुना जाडजूड लॅपटॉप काढला, कारण त्याला तारेचे भोक आहे, नव्या सडपातळ लॅपटॉपांना ते पुष्कळदा नसते. राउटरला हवा तो पत्ता लॅपटॉपला हाताने दिला, फाइलीला हवे ते नाव दिले, टाचणीने बटण दाबून धरले आणि वीज चालू केली. वायरलेसचा जीव शेवटी वायरनेच वाचवायचा होता!

ज्या रीतीने ती फाइल आत जाते तिची हकीकत ऐकून मी खुर्चीवर सरसावून बसलो. ही रीत १९८१ साली लिहून ठेवलेली आहे. टीएफटीपी असे तिचे नाव. फाइलीचे ५१२ बाइटांचे तुकडे करायचे. पहिला तुकडा पाठवायचा आणि थांबायचे. पलीकडून 'पहिला पोचला' असे उत्तर आले की दुसरा. उत्तर आले नाही तर पहिलाच पुन्हा. आमची फाइल आठेक मेगाबाइटांची, म्हणजे असे सोळा हजारांवर तुकडे. आणि प्रत्येकामागे एक 'पोचला'. शेवटचा तुकडा ५१२ पेक्षा लहान असतो. तो आला की समजायचे, धडा संपला. हे सारे काही सेकंदांत उरकते. त्याहून पुष्कळ जास्त वेगाच्या रीती आज आहेत. पण अर्धवट झालेल्या यंत्राला तो वेग झेपत नाही. त्या छोट्या कोपऱ्यात एवढीच सावकाश आणि साधी रीत मावते.

अहो, हे तर श्रुतलेखन! मास्तरांनी चार शब्द सांगायचे, मुलांच्या पेन्सिली वर होईपर्यंत थांबायचे, मग पुढचे चार.

तीन-चार मिनिटे आम्ही पेटीला हात लावला नाही. मग हिरवा दिवा लागला. घरातून आनंदाचा आवाज आला आणि मुलगा चहा घेऊन गेला.

साऱ्यांचेच नशीब असे नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका इंटरनेट कंपनीच्या गिऱ्हाइकांचे सहा लाखांवर राउटर तीन दिवसांत कुणा दुष्टाने बिघडवले. ते दुरुस्त झाले नाहीत, बदलावेच लागले. आणि १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुमारे २४ अब्ज किलोमीटरवर असताना, अर्थहीन आकडे पाठवू लागले, तेव्हा ते बदलायला जाणार कोण? स्मृतीची एक चिप निकामी झाली होती. नासाच्या लोकांनी तिच्यातला मजकूर तुकडे करून स्मृतीतल्या इतर जागी बसवायचे ठरवले. १८ एप्रिल २०२४ ला आज्ञा निघाली. जायला साडेबावीस तास, उत्तराला तेवढेच. २० तारखेला 'पोचले' असे उत्तर आले. तिथेही रीत तीच: काय शाबूत आहे ते आधी शोधायचे, थोडे पाठवायचे आणि उत्तराची वाट पाहायची.

राउटर सुधारला, पण माझ्या मनात मात्र दुसरीच अर्धी पाटी उभी राहिली. ती मी दर वर्षी पाहतो.

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पुष्कळ लोक बीडकडचे, अहिल्यानगरकडचे. कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात, नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुले येतात. गावाकडे शाळा जूनमध्ये सुरू झालेली असते. चार महिने तिथला धडा पाटीवर चढत असतो. तेवढ्यात मुकादमाची गाडी येते. इथल्या शाळेत आले की इथला धडा निराळ्या पानावर. तो जरा चढतो न चढतो तोच मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो आणि बिऱ्हाड परत. एकाच वर्षात दोनदा वीज जाते! मग आपण त्या मुलाला म्हणतो, अर्धवट आहे.

कायदा चांगला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्काचा कायदा सांगतो की मूल वर्षात केव्हाही आले तरी शाळेत घ्या, वयाप्रमाणे वर्ग द्या, आणि ते बरोबरीला यावे म्हणून वेगळे शिकवा. आम्ही पहिल्या दोन गोष्टी चटकन करतो, कारण त्या रजिस्टरात करता येतात. तिसरीला वेळ लागतो. साखरशाळा झाल्या, गावाकडे मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे झाली, कोप्यांवर जाऊन शिकवणारी माणसे आजही आहेत. तरी दर हंगामात एखादे मूल चौथीच्या बाकावर चौथीचे पुस्तक उघडून नारिंगी दिव्यासारखे स्थिर बसलेले दिसतेच.

गेल्या हंगामात अशीच एक दहाएक वर्षांची मुलगी होती. पुस्तक पुढे ठेवले की खाली मान. बेरजेचे गणित फळ्यावर लिहिले की तेच. संध्याकाळी मी त्यांच्या कोपीवर गेलो होतो. तिची आई भाकरी थापत होती. मी सहज विचारले, "काय गं, आज किती मोळ्या झाल्या तुमच्या?"

"चार इसा अन् सात, गुर्जी," ती ताबडतोब म्हणाली.

"आणि काल?"

"चार इसाला दोन कमी. म्हंजी आज नऊ जास्त."

हा तिचा न पुसलेला कोपरा! तीन शाळांनी तिच्या पाटीवर लिहिले आणि पुसले, पण मोळ्यांची मोजणी कुणी पुसली नव्हती. मी जमिनीवर काडीने ८७ लिहिले आणि शेजारी ७८. "हे तुझे आजचे, हे कालचे." तिने दोन्ही आकड्यांवर बोट फिरवले. त्या दिवशी एवढेच. दुसऱ्या दिवशी ते आकडे तिच्या हातून आले, तेव्हा पुढचे. 'असर'ची माणसे २००५ पासून खेडोपाडी घरोघर जाऊन असेच करतात. इयत्ता विचारीत बसत नाहीत, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी पायरी लावून मूल कुठवर येते ते पाहतात. पायरी कळली म्हणजे तिथून शिकवता येते. चौथीच्या पुस्तकावरून ती कळत नाही.

तुम्ही म्हणाल, पेटी आणि पोर एक कसे? नाहीत. पेटी एका सकाळीत पुन्हा बोलू लागली. त्या मुलीचे मार्चपर्यंत हातच्याच्या बेरजेपर्यंत आले आणि ट्रॅक्टर निघून गेला. गावाकडच्या गुरुजींना तिने काय दाखवले असेल, कुणास ठाऊक. मी तिच्या वहीच्या पहिल्या पानावर काय पोचले आहे ते तारखांसकट लिहून दिले होते. ते कुणी वाचले असेल तर बरे.

त्या तारवाल्या मुलाने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. काही राउटरांत आता दोन पाट्या असतात. नवे दुसऱ्या पाटीवर लिहायचे, वाचून पाहायचे आणि ते धड आहे अशी खात्री झाल्यावरच तिच्यावरून कारभार चालवायचा. तोवर जुनी पाटी पुसायची नाही. यंत्र बनवणाऱ्यांना ही अक्कल नुकसान सोसून आली. आमच्या धंद्यात ती यायची आहे. आम्ही अजून 'हे सोड, असं नाही म्हणायचं, चार इसा नव्हे, ऐंशी म्हण' असे पुसण्यापासूनच सुरुवात करतो.

कालव्याच्या कडेने यंदाही गाड्या दिसू लागल्या आहेत. ती मुलगी आली तर तिला चार विसांवरूनच पुढे न्यायचे, ऐंशी मागाहून. आणि नाही आली, तरी कुठल्या तरी कोपीपुढे दुसरे कुणी बसलेले असेलच. त्याला विचारायचे, "काय रे, आज किती मोळ्या?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.