वीस बाजूंचा फासा

या उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडे नॉटिंगहॅमला होतो. रॉबिन हूडचं गाव एवढीच आपली त्या गावाशी ओळख. पण छोट्या सैनिकांच्या लढाया खेळणाऱ्या मंडळींना ते निराळ्या कारणाने माहीत आहे. 'वॉरहॅमर'वाली कंपनी इथली, आणि तिच्या आसपास बोटभर उंचीच्या मूर्ती बनवणारे इतके जण वाढले की या भागाला गमतीने 'शिशाचा पट्टा' म्हणतात. (पूर्वी या मूर्ती शिशाच्या ओतत असत.) आमचा नातू, वय वर्षे तेरा, या नादाला लागलेला. दर गुरुवारी संध्याकाळी त्याला एका हॉलमध्ये खेळायला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांचा खेळ 'फ्रॉस्टग्रेव्ह'. जोसेफ मॅकल्लो यांनी लिहिलेलं नियमांचं पुस्तक २०१५ साली ऑस्प्रेने काढलं, सुधारलेली दुसरी आवृत्ती २०२० ची. बर्फात गाडलं गेलेलं जादूगारांचं एक शहर, त्यातला खजिना शोधायला शिरलेल्या टोळ्या, अशी कल्पना. टोळीत जास्तीत जास्त दहा जण: जादूगार, त्याचा शागीर्द आणि आठ भाडोत्री सैनिक. टेबलावर पडक्या भिंती आणि बुरूज मांडतात. आपण दिवाळीत किल्ला करून मावळे मांडतो ना, तसंच. फक्त हे मावळे चालतात आणि मरतात.

खेळणारे बहुतेक मोठेच. एक बस ड्रायव्हर, एक निवृत्त नर्स, दोन-तीन इंजिनिअरिंगची मुलं. खेळ जितका वेळ चालतो तितकाच वेळ नियमांवर वाद. बस ड्रायव्हरचं मत सरळ: एक पुस्तक पुरतं, दहा मूर्ती पुरतात, आणि त्या कुठल्याही कंपनीच्या चालतात. खिशाला परवडतं, मग तक्रार कसली? इंजिनिअरिंगवाल्यांची तक्रार फाशाबद्दल. या खेळात वीस बाजूंचा फासा आहे. लढाईत दोघांनी तो टाकायचा, त्यात आपापला लढाईचा आकडा मिळवायचा, मोठी बेरीज जिंकली. गुंडाचा आकडा २, चिलखती सरदाराचा ४. फासा वीसपर्यंत जात असेल, तर या दोनाच्या फरकाला काय किंमत राहिली? हा सगळा नशिबाचा बाजार, असं त्यांचं म्हणणं.

मी बी.ए. मराठीचा, पण आठवीपर्यंतचं गणित वर्षानुवर्षं शिकवलेलं. कागद मागून घेतला. दोन फाशांच्या ४०० जोड्या होतात. त्यातल्या २२९ मध्ये सरदार जिंकतो, १५३ मध्ये गुंड, १८ मध्ये बरोबरी. हाच खेळ साध्या सहा बाजूंच्या फाशाने खेळला तर ३६ पैकी २६ वेळा सरदार, ४ वेळा बरोबरी आणि गुंड फक्त ६ वेळा. म्हणजे मुलांचं गणित चुकीचं नव्हतं. पण जिंकणं निराळं आणि मारणं निराळं. गुंडाला अगदी वीस पडले तरी बेरीज २२. त्यातून सरदाराच्या चिलखताचे १३ वजा, उरले ९. सरदाराचा जीव १२. तो उभाच राहतो! नियम लिहिणाऱ्याने सरदाराला वाऱ्यावर सोडलेलं नाही. (जादूगाराचं तसं नाही. त्याचं चिलखत १० आणि जीव १४, त्यामुळे आडव्या धनुष्यवाल्याला वीस पडले की नवखा जादूगार एका बाणात आडवा. ती तक्रार मला पटली.)

मला विचाराल तर शंभरात अडतीस वेळा गुंड जिंकावा हे चांगलंच आहे. कारण खरा अन्याय फाशात नाही, खजिन्यात आहे. जिंकलेल्याला पैसा, पैशातून भारी सैनिक, भारी सैनिकांमुळे पुढचा डावही त्याचाच. पहिल्या आवृत्तीबद्दल हीच ओरड होती असं नर्सबाईंनी सांगितलं. दुसऱ्या आवृत्तीत यावर दोन तोडगे आहेत. तरबेज सैनिक कितीही पैसा असला तरी चारच ठेवायचे, आणि गुंड नि चोर फुकट. त्यामुळे हरलेल्याची टोळी रिकामी राहत नाही. बस ड्रायव्हरला हे मुळीच मंजूर नाही. कमावलेलं वापरू द्यायचं नाही तर कमवायचं कशाला, हा त्याचा सवाल.

मला मात्र आमच्या तुकड्या आठवल्या. मार्कांप्रमाणे अ, ब, क. चांगले शिक्षक अ ला, प्रयोगशाळेचे तास अ ला, मग पुढच्या वर्षीचे मार्कही अ लाच. मी अकरा वर्षं 'क'चा वर्गशिक्षक होतो. त्या मुलांना चार फुकटचे गुंड मिळाले असते तरी पुष्कळ झालं असतं. असो.

हा विषय मला एवढा लागण्याचं कारण नातू. मी गेलो तेव्हा तो ओळीने पाच डाव हरलेला होता. पाचव्या डावात त्याचा शिकारी कुत्रा पडला. कुत्र्याची किंमत दहा नाणी, फुकटचे सोडले तर टोळीतला सगळ्यात स्वस्त गडी. पण पांढऱ्यावर तपकिरी ठिपके त्याने स्वतः रंगवलेले, आणि नाव मोत्या, कारण मी लहानपणच्या आमच्या मोत्याच्या गोष्टी फोनवर सांगायचो. डाव संपला की पडलेल्यासाठी पुन्हा फासा टाकतात. १ ते ४ आले तर मेला, ५ ते ८ आले तर पुढचा डाव बाहेर, त्यावर आले तर खडखडीत बरा. तीन पडले.

समोरचा मुलगा चांगल्या मनाने म्हणाला, दहा नाणी दे आणि हीच मूर्ती नवा कुत्रा म्हणून मांड. नियमात बसतं. नातवाने मूर्ती खिशात घातली. घरी चालत येताना म्हणाला, "आजोबा, आता मी येणार नाही तिथे." मी समजूत घातली नाही. फक्त विचारलं की तिजोरीत किती शिल्लक आहे. "थर्टी." मग रात्री आम्ही दोघं पुस्तक घेऊन बसलो. तो नियम वाचून मला मराठीत सांगत होता, शब्द अडला की मी पुरवत होतो. चिलखत, शागीर्द, भाडोत्री. फुकटचे गुंड किती, चोर किती, कुत्रा घेतला तर वीस उरतात, असा हिशेब साडेदहापर्यंत चालला.

पुढच्या गुरुवारी तो गेला. हरलाच, पण दोन खजिने घेऊन बाहेर पडला. आणि एका गुंडाने बस ड्रायव्हरच्या सरदाराला मागे रेटलं, तेव्हा अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला.

मोत्या त्याच्या खिडकीत आहे. नवा कुत्रा काळा रंगवलाय. त्याच्या नावावर अजून एकमत नाही. लेकीचं मत काळू, माझं वाघ्या. निकाल फोनवर कळेल.