वाळूचा झारा

म्हातारपणीं माणसास कोणता छंद जडेल याचा नेम नाहीं. आमच्या तीर्थरूपांस पेन्शनींत निघाल्यावर जुनीं घड्याळें उघडून पाहण्याचा नाद लागला होता. आम्हांस वाळू उपसण्याचा लागला आहे. आमचें बिऱ्हाड गेलीं चाळीस वर्षें विलायतेंत, लँकेशायर परगण्यांतील प्रेस्टन गांवीं आहे. तेथून सुमारें सतरा मैलांवर ब्लॅकपूलचा समुद्रकिनारा लागतो. चार वर्षांपूर्वीं आमच्या वाढदिवशीं चिरंजीवांनीं एक धातुशोधक यंत्र आमच्या हातीं ठेवलें व "बाबा, घरांत बसून सर्वांच्या चुका काढण्यापेक्षां जरा वाऱ्यावर जात जा," असें स्पष्टच सांगितलें. सूनबाई शेजारीं उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत, परंतु यंत्राचा अर्धा खर्च त्यांनींच केला होता असें मागाहून कळलें.

यंत्राची तबकडी वाळूलगत डावीउजवीकडे झुलवीत चालावयाचें. खालीं धातु असली म्हणजे कानांत सूर उमटतो. येथवरचें काम सुखाचें आहे. सूर उमटल्यावर मात्र खणावें लागतें, आणि आमची हकीकत त्या खणण्याचीच आहे. ज्या हत्यारानें खणतात त्यास इकडे 'स्कूप' म्हणतात. भोंकें पाडलेली धातूची टोपली व तिला एक दांडा. वाळूसकट वस्तु उचलावी, हालवावी. वाळू गळून जाते, वस्तु टोपलींत राहते. आमच्या सौभाग्यवतीनें तें प्रथम पाहिलें तेव्हां "अगबाई, हा तर झारा!" असे उद्गार काढले व तेंच नांव आमच्या घरांत रूढ झालें. तें योग्यही आहे. सोनारांच्या दुकानांतील केरधूळ घेऊन, ती धुऊन, तींतून सोन्याचे कण वेंचणारे झारेकरी पूर्वीं आपल्याकडे असत. त्यांचा धंदा व आमचा छंद यांचें नातें जवळचें आहे. त्यांचें पोट त्यावर चाले. आमचा मोटारीच्या पेट्रोलचा खर्चही सुटत नाहीं, एवढाच काय तो फरक.

ब्लॅकपूलची वाळू मात्र या कामास मोठी उदार. १८६३, १८६८ व १८९३ या सालीं समुद्रांत नेलेले तीन धक्के आणि १८९४ सालीं उघडलेला पांचशें अठरा फूट उंचीचा मनोरा यांच्या आसमंतांत लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील कामगारांच्या पिढ्यान् पिढ्या सुटीच्या आठवड्यांत येऊन लोळल्या, आणि खिशांतली चिल्लर तेथें सांडून परत गेल्या. १९७१ सालीं दशमान नाणीं सुरू झालीं, त्यापूर्वींची मोठाली तांबूस पेनी अद्यापि निघते. आंगठ्याही निघतात, कारण गार पाण्यांत बोटें आक्रसतात व आंगठी नकळत निसटते. सांपडेल तें सर्व आपलें, असा मात्र समज नसावा. किनारा ज्याच्या मालकीचा त्याची अनुमति असावी लागते. १९९६ च्या कायद्याप्रमाणें 'निधि' ठरण्याजोगी वस्तु असल्यास चौदा दिवसांच्या आंत कळवावें लागतें, व फुटलेल्या गलबतांतील वस्तूंसाठीं निराळा अधिकारी आहे. आपल्याकडे तर १८७८ च्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन कलेक्टरास कळविणें भाग आहे. तेव्हां हें वाचून कोणी गुहागरच्या किनाऱ्यावर यंत्र घेऊन धांवूं नये.

आतां हाताविषयीं. आमच्या उजव्या आंगठ्याच्या मुळाशीं संधिवात आहे. संधिवात व आमवात यांत पुष्कळजण घोटाळा करितात. आमवातांत शरीराची संरक्षक शक्तिच सांध्यांवर उलटते, व तेथें वेळीं औषध घेतल्यावांचून गत्यंतर नसतें. आमचा प्रकार झिजेचा: सांध्यांतील कूर्चा झिजते, कडेचें हाड वाढतें, सकाळीं हात थोडा वेळ आंखडतो व पुढें कामानें दुखतो. कित्येकांच्या बोटांच्या शेवटल्या पेरांवर वाटाण्याएवढे कठीण उंचवटे येतात, त्यांस हेबर्डनच्या गांठी म्हणतात. या इंग्रज वैद्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८०२ सालीं छापला गेला, त्यांत त्यांचें वर्णन आहे. आंगठ्याचा मूळसांधा या सर्वांत अधिक सोसणारा. चिमटींत एक किलोचा जोर लावला तर त्या सांध्यावर सुमारें बारा किलोंचा दाब येतो असें तज्ज्ञांनीं काढलें आहे.

हें सारें ठाऊक असून आम्हीं पहिला झारा कसा निवडला तें सांगावयास लाज वाटते. उभा जन्म यंत्रशाळेंत काढलेल्या माणसास दुकानांत जाऊन "लहान हत्यार द्या" असें म्हणवेना. स्टीलचा, तीन लिटर वाळू मावेल एवढा, स्वतःच अडीच-तीन किलो वजनाचा झारा आम्हीं खांद्यावर टाकून आणला. सौभाग्यवतीनें दारांतच विचारिलें, "गांवजेवणाची बुंदी पाडायची आहे का?" आम्हीं या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलें.

पुढें एका फेब्रुवारींत वादळानें वरची वाळू धुऊन नेली. अशा वेळीं खालचीं जड नाणीं उघडीं पडतात, म्हणून आम्ही पहांटेच्या ओहोटीस जाऊन दोन तास खणीत होतों. सतरा नाणीं मिळालीं. संध्याकाळीं आंगठा सुजून आला व पुढें तीन आठवडे त्यानें आम्हांस घरांतच ठेविलें. सदऱ्याची गुंडी लागेना. संध्येची पळी धरवेना. वरणभात कालवितां येईना. चमचा घ्यावा तर तोही चिमटींतच धरावा लागतो! सत्तरीच्या माणसापुढें नातवंडांदेखत कालविलेला भात यावा व त्यानें तो डाव्या हातानें चमच्यानें खावा, ही स्थिति वाचकांनीं कल्पनेनेंच पाहावी.

रिकामपणांत आम्हीं हिशेब मांडला. ओली वाळू लिटरला सुमारें दोन किलो भरते. म्हणजे तीन लिटरांची टोपली सहा किलोंची. दांडा साडेचार फुटी, एक हात त्याच्या टोकाशीं, दुसरा तेथून दीड फुटावर. टोपली दुसऱ्या हातापलीकडे तीन फूट. झारा आडवा उचलला कीं वरच्या हातास बारा किलो खालीं दाबावे लागतात व पुढच्या हातावर अठरा किलो येतात. झाऱ्याचें स्वतःचें वजन यांत धरलेलें नाहीं. मग आम्ही हलक्या धातूंकडे वळलों. टायटॅनियम स्टीलच्या जवळजवळ निम्म्या वजनाचें, ॲल्युमिनियम तिसऱ्या हिश्श्याचें. परंतु पहिलें फार महाग, दुसरें दगडगोट्यांत वांकतें. त्या महाग झाऱ्यासाठीं आम्ही मनांत पैसे मोजूं लागलों होतों.

हिशेबाचा कागद सौभाग्यवतीस दाखविला. तिनें तो वाचला व म्हणाली, "अहो, पण झारा भरून घ्यायचाच कशाला? निम्मा घ्यावा."

आम्ही निरुत्तर झालों. धातु बदलून किलोभर वांचत होता. टोपली निम्मी केली तर वाळूचेच तीन किलो वांचत होते, आणि तेही कवडी न खर्चतां. हें तुला कसें सुचलें, असें विचारतां ती आम्हांस स्वयंपाकघरांत घेऊन गेली. उलथणें, डाव, झारा, चिमटा, सर्वांच्या दांड्यांवर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड केलेल्या होत्या. लोखंडी तवा जाऊन हलका आला होता. कुकर ती ओट्यावरून उचलीत नव्हती, सरकवीत होती. बरण्यांचीं झांकणें धाकट्या नातवाकडून उघडवून घेई, तें आम्हीं लाडाचें लक्षण मानलें होतें. पोळ्यांची कणीक ती एकदम न तिंबतां तीनदां थोडथोडी तिंबते, हेंही आम्हीं त्या दिवशींच पाहिलें. "सात वर्षें झालीं," ती म्हणाली, "बारीक दांडा धरायला मूठ आवळावी लागते. जाड दांडा नुसता हातांत राहतो."

मग तिनें आपली बोटें पुढें केलीं. शेवटल्या पेरांवर त्याच गांठी. मधलीं पेरेंही जाड झालेलीं. अनामिकेंत लग्नांतलें वेढणें नव्हतें. तें नाहीं हें आम्हीं पूर्वीं पाहिलें होतें, आणि स्वयंपाकाच्या वेळीं काढून ठेवीत असेल असें समजून स्वस्थ बसलों होतों. तें पेरावरून निघेना म्हणून दोन वर्षांपूर्वीं येथल्या एका सोनाराकडून तिनें कापून घेतलें होतें. कुंकवाच्या करंड्याशेजारीं डबींत तें उघड्या कडीसारखें पडलें होतें. "सांगितलें कां नाहींस?" असें आम्हीं विचारिलें. ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशीं वाळूंतली आंगठी घेऊन आलां होतां. सगळ्यांना दाखवीत होतां. मग राहिलें."

यावर आम्हांस बोलावयास कांहीं सुचलें नाहीं.

दुसरा झारा आम्हीं उभयतांनीं जाऊन घेतला. दुकानांत निवड तिनें केली. तो स्टीलचाच आहे, परंतु टोपली दीड लिटरांहून मोठी नाहीं. तिच्या मागल्या कडेला पाय ठेवावयाची पट्टी आहे. वाळूंत शिरविण्याचें काम हातानें न करितां पायानें, अंगाचा भार टाकून करावयाचें. मांडीचा सांधा आंगठ्यापेक्षां कितीतरी दणकट. दांडा लांकडी व कोंपरापर्यंत उंच, म्हणजे कंबर वांकत नाहीं. वर आडवी मूठ आहे, तिजवर तळहात टेंकतो, बोटें आवळावीं लागत नाहींत. भोंकें पाऊण इंचाहून बरींच लहान. येथील सर्वांत लहान नाणें, पांच पेन्सांचें, अठरा मिलिमीटर रुंद असतें, तें व आंगठी त्यांतून गळत नाहींत. कानांतलें बारीक कुडें गळेल, तें गळूं द्यावें. त्याच्या मागें लागून बारीक भोंकांची टोपली घेतली कीं ओली वाळू आंत चिकटून बसते, आणि ती झटकतां झटकतां मनगट जातें.

झटकणें आम्हीं जवळजवळ सोडलेंच आहे. पाण्याच्या कडेला असलों तर टोपली लाटेंत धरितों, लाट वाळू नेते. वर असलों तर टोपली तेथेंच कलंडतों, ढीग पायानें पसरतों आणि त्यावरून तबकडी फिरवितों. सूर आला तर वस्तु ढिगांत, नाहीं तर खड्ड्यांत. खणण्यापूर्वीं दोन दिशांनीं तबकडी फिरवून नेमकी जागा ठरविण्यास आम्ही आतां पुरता वेळ देतों. घाईनें चार टोपल्या उपसण्यापेक्षां तें बरें. चालतांना झारा हातांत घेत नाहीं. त्यास पट्टा बांधून कमरेस अडकवितों, तो मागून घसटत येतो. जाड हातमोजे घेऊन पाहिले, पण जाड मोज्यांतून मूठ अधिकच आवळावी लागते, म्हणून पातळ घेतले. अर्ध्या तासानें, दुखूं लागण्याच्या आधीं, बसतों. हा शेवटला नियम पाळणें सर्वांत कठीण, कारण सूर नेमका एकोणतिसाव्या मिनिटास येतो.

सौभाग्यवती आतां बरोबर असते. कोरड्या वाळूसाठीं तिनें पाव किलोच्या आंतबाहेरचा प्लॅस्टिकचा झारा घेतला आहे. त्याचा एक गुण आम्हांस ठाऊक नव्हता: प्लॅस्टिकला यंत्र बोलत नाहीं, तेव्हां वाळूनें भरलेला झारा तसाच तबकडीवरून नेला तर वस्तु आंत आली कीं नाहीं तें कळतें. स्टीलचा नेला तर यंत्र झाऱ्यालाच ओरडतें. तिला वांकावयाचें नसतें, म्हणून ती घडीच्या खुर्चीवर बसते व आम्ही आवाजाची जागा दाखवून तिच्या पुढ्यांत वाळू ओढून देतों. मागल्या खेपेस तिला १९६७ सालची एक पेनी, दोन गुंड्या व खेळण्यांतल्या मोटारीचें एक चाक मिळालें. पेनी तिनें धाकट्या नातवास दिली.

वेढणें आम्हीं सोनाराकडे नेऊन रुंद करून आणलें. तें आतां पेरावरून सहज जातें. थंडीच्या दिवसांत सैल होतें, म्हणून समुद्रावर जातांना ती तें घरीं काढून ठेवते. दोन्ही झाऱ्यांच्या मुठींवर तिनें हिरव्या इरकली लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या आहेत. खाऱ्या पाण्यानें त्यांचा रंग सुटतो व आमचे तळहात दोन दिवस हिरवे राहतात.