ऑइल कधी वाढतं का?

मे महिन्यात आईचा फोन आला. "अरे, पडवीत पेट्रोलचा वास मारतोय. सकाळी उठून बघावं तर गाडीखाली ओलं. आणि मी तिथंच हातभर अंतरावर बंब पेटवते. तुझे वडील कॉक बंद करायला विसरतात. एक दिवस घरासकट जाऊ सगळे."

गाडी म्हणजे अण्णांची हीरो होंडा सीडी हंड्रेड. १९९२ सालची. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सरळगावजवळ, आणि शाळा शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पलीकडे. गाडी येण्याआधी एसटी चुकली की शाळा चुकली असा मामला होता. पावसाळ्यात तर घरातून निघालेला माणूस शाळेत कधी पोचेल हे ड्रायव्हरलाही सांगता यायचं नाही. गाडी आली आणि अण्णा प्रार्थनेच्या आधी शाळेत दिसायला लागले. एका मास्तरच्या आयुष्यात ही केवढी मोठी गोष्ट असते ते मास्तरांच्या मुलांना विचारा.

ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवेल, ही गाडी १९८५ मध्ये आली तेव्हा जाहिरात होती, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. त्याआधीच्या राजदूत, येझदी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालायच्या आणि मागे निळा धूर सोडायच्या. आमच्या मामांकडे बुलेट होती. तिच्या कार्बोरेटरवर एक छोटं बटण असायचं. थंडीत ते दाबून दाबून पेट्रोल बाहेर सांडेपर्यंत थांबायचं आणि मग किक मारायची. म्हणजे कार्बोरेटर ओव्हर करणं हा त्या गाडीच्या पूजेचाच एक भाग! आमच्या गाडीला असलं काही लागायचं नाही. अण्णा ही जाहिरात वर्गात इंग्रजीची क्रियापदं शिकवायला वापरायचे.

आता अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि 'फर्गेट इट' हे शब्द आमच्या घरात वेगळ्या अर्थाने ऐकू यायला लागलेत. गेल्या वर्षी ते मुरबाडच्या स्टँडवर पिशवी विसरून आले. दोनदा गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसले. एकदा माझ्या मुलाला माझ्याच नावाने हाक मारली (हे तर मीही करतो, पण माझं कोणी मोजत नाही). त्यामुळे आईचं वाक्य मी आणि ताईने चौकशी न करता मान्य केलं. अण्णा म्हणाले, "मी कॉक बंद करतो. रोज करतो." मी म्हणालो, "हो अण्णा." तो 'हो' कसला होता ते त्यांना नक्की कळलं असणार.

पुढच्या शनिवारी घरी गेलो तेव्हा मी एक शहाणपणा केला. पांढऱ्या स्टिकरवर जाड मार्करने 'कॉक बंद केला का?' असं लिहिलं आणि टाकीवर चिकटवलं. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं पोरांच्या वहीवर लाल शेरे मारले, त्याच्या गाडीवर मी शेरा मारला. अण्णांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि आत गेले.

आणि मंडळी, स्टिकरने काम केलं! जूनच्या अखेरीपासून गाडीखालचं ओलं बंद झालं. आईने फोनवर मला शाबासकी दिली. मी ताईला फोन करून ती शाबासकी पुन्हा एकदा वसूल केली.

जुलैमध्ये अण्णांचाच फोन आला. म्हणाले, "गाडीचं ऑइल वाढतंय."

"ऑइल कधी वाढतं का अण्णा? कमी होतं."

"मी पट्टी काढून बघितली. वरच्या खुणेच्या वर गेलंय. किकही जड झालीय सकाळची."

मी म्हणालो, "तुम्ही टाकलं असेल आणि विसरला असाल." यावर ते एवढंच म्हणाले, "असेल." त्या रात्री ताईचं आणि माझं बोलणं झालं आणि गाडी आता विकून टाकायची असं ठरलं. गिऱ्हाईकही तयार होतं, भंगारापेक्षा थोडे जास्त देणारं. अण्णांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

तेवढ्यासाठी श्रावणात गावी गेलो. विषय कसा काढावा या विचारात पडवीत बसलो होतो तर अण्णाच म्हणाले, "एक प्रयोग करू या का?" त्यांनी कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढायला लावली. कॉक माझ्या हाताने बंद करायला लावला, ओढून बघायला लावला. "तू बंद केलास ना? नक्की?" मी हो म्हणालो. मग नळीचं टोक एका रिकाम्या बाटलीत सोडून गाडी अंगणात, बंबापासून लांब, पत्र्याखाली उभी केली आणि आम्ही झोपलो.

सकाळी बाटलीत तीन बोटं पेट्रोल होतं.

अण्णांनी बाटली उचलून उजेडात धरली, बघितली आणि माझ्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी पट्टी काढून बघितली. ऑइल खरंच खुणेच्या वर आणि वासाला निम्मं पेट्रोल. आता चालवत न्यायची हिंमत झाली नाही. शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये टाकून गाडी मुरबाडला अण्णांच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. हा त्यांचा विद्यार्थी नाही, पण 'गुरुजी' म्हणतो. त्याने ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळला आणि म्हणाला, "गुरुजी, हे पाणी झालंय. अजून आठ-पंधरा दिवस चालवली असती तर इंजिन धरलं असतं."

त्यानंतरचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. (विसरलो तर स्टिकर लावा.) जमेल तसं सांगतो, कारण जुन्या गाड्या सांभाळणारे वाचक इथे आहेत.

टाकीतून इंजिनाकडे जाताना पेट्रोलला दोन दारं लागतात. पहिलं कॉक, ते आपण हाताने लावतो. दुसरं कार्बोरेटरच्या आत. खालच्या वाटीत, म्हणजे बाऊलमध्ये, जेमतेम चार-पाच चमचे पेट्रोल मावतं. त्यात एक फ्लोट तरंगतो, आपल्या छतावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखाच. पेट्रोल वर चढलं की फ्लोट वर येतो आणि एक बारकी सुई, नीडल, वरच्या भोकात दाबून धरतो. पेट्रोल बंद. या सुईचं टोक निमुळतं आणि रबरी असतं. आमच्या सुईच्या टोकावर गोल चर पडला होता, नखाला लागेल एवढा. मिस्त्रीने कार्बोरेटर उलटा धरला आणि पेट्रोलच्या तोंडातून फुंकर मारली. उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने सुई बसते आणि फुंकर अडली पाहिजे. आमची आरपार जात होती. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं, तो चांगला होता. पितळेच्या भोकाच्या कडेला चिकट पिवळा थर होता, तो त्याने काडीला कापूस गुंडाळून घासून काढला.

एक दार धड असतं तरी थेंब गळाला नसता. आमची दोन्ही गेली होती. कॉक खोलला तर आतला भोकांचा रबरी वॉशर कडक होऊन तडकलेला. म्हणजे अण्णा रोज रात्री दार लावत होते, आणि दारच लागत नव्हतं.

पण मग जूनमध्ये गळती थांबली कशी? मी अजून स्टिकरच्या बाजूने लढत होतो. मिस्त्रीने बाऊलच्या खालची नळी उपसली. बाऊल भरून वाहिला तर जादा पेट्रोल जमिनीवर पडावं म्हणून ही नळी असते. तिच्या तोंडात बोटभर लाल चिखल घट्ट बसला होता. पहिल्या पावसात आमचा रस्ता, त्यात नळी चाकाजवळ लोंबणारी. झालं! बाहेरची वाट बंद झाल्यावर पेट्रोल आतल्या वाटेने गेलं. या गाडीचं सिलिंडर जवळजवळ आडवं, कार्बोरेटर त्याच्या वर. तिथून पेट्रोल हेडमध्ये, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, ऑइलमध्ये. म्हणून किक जड आणि म्हणून ऑइल वाढलेलं. गाडीखाली थेंब पडत होते तेव्हा निदान कळत तरी होतं.

मिस्त्रीच्या मते सगळा दोष इथेनॉलचा. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आता पंपावर तेच मिळतं, आणि इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, टाकीतला साचलेला गाळ सोडवतं, हवेतला ओलावा ओढतं हे खरंच आहे. पण तीस वर्षांत ती सुई आणि तो वॉशर कधी बदलल्याचं अण्णांनाही आठवत नव्हतं आणि मिस्त्रीलाही. शिवाय आडगावी किराणा दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल अनेकदा पोटात गेलेलं. मला वाटतं इथेनॉलवर निम्मं टाकावं, निम्मं आमच्यावर.

नवीन सुई, बाऊलचं रबर, कॉकचा वॉशर, नळ्या, नऊशे मिलीची ऑइलची बाटली. आधी थोडं ऑइल घालून इंजिन दोन मिनिटं चालवलं, ते काढून टाकलं आणि मग नवीन भरलं. प्लग काळाकुट्ट झाला होता, तोही बदलला. सगळं मिळून हजारच्या आत. बाटली पुन्हा लावून बघितली, तासभर एक थेंब नाही. मी ताईला फोन लावला. सगळं ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं?" मी म्हणालो, मी बघतो.

स्टिकर मी तिथेच मिस्त्रीकडे काढला. अक्षरं निघाली, गोंदाचा चौकोन राहिला. रॉकेल लावून घासला तरी राहिलाच. अण्णा म्हणाले, "राहू दे."

परतताना अण्णा पुढे, मी मागे. पाऊस थांबला होता, दोन्ही बाजूंना लावणी झालेली शेतं. वाटेत चहाला थांबलो. उतरल्यावर अण्णांनी मला दाखवत, अगदी ऐटीत, कॉक बंद केला. चहा झाला, भजी झाली, मिस्त्रीचं कौतुक झालं. निघालो. किलोमीटरभर गेलो असू, गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

अण्णांनी किक मारली. पुन्हा मारली. टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. "पेट्रोल तर आहे," म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. "पुन्हा कार्बोरेटर असेल का रे?"

मी खाली उतरलो होतो. डावीकडे वाकलो, चपलेचा चिखल झटकल्यासारखं केलं आणि जाता जाता कॉक चालू करून टाकला.

"कचरा असेल अण्णा, नवीन नळीतला," मी म्हणालो. "जरा थांबून मारा."