जीपचा पत्रा

आमच्या अण्णांनी ही जीप घेतली तेव्हा ती बऱ्याच हातांतून गेलेली होती. उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी महिंद्राची सीजे-3बी. विलीज कंपनीने 1953 साली हे मॉडेल आणलं. त्यातलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही वर चढलं. महिंद्रांनी जीप जोडायला 1947 मध्येच सुरुवात केली होती. पुढे हेच रूप आपल्याकडे घरोघरचं झालं.

परभणीच्या शेतकऱ्याच्या हाती जीप टिकली याचं श्रेय मी तिच्या पत्र्याला देतो. त्याला गोलाई फार कमी. ज्या लोहाराच्या भात्यावर बैलगाडीच्या चाकाला धाव चढते, तो जीपचं मडगार्डही करून देऊ शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोरांनी 1932 च्या फोर्डची मडगार्डं काढून टाकली, कारण त्यांना वजन घटवून वेग हवा होता. आमच्याकडे उलटं, जोडतच गेलो. काळ्या मातीचा चिखल चाकात अडकायचा, म्हणून मडगार्डं उंच केली. कापूस मानवतला न्यायचा, म्हणून पाइपांचं कॅरिअर. आजीचे गुडघे वाकेनात, म्हणून मागे पायरी. कुठला सांधा कुठल्या साली लागला, हे आईला आजही सांगता येतं.

आता हे काम मी घरीच करतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा, तो गाडीवर धरून बघायचा, मगच अठरा गेजच्या पत्र्याला कात्री लावायची. कड नुसती ठेवली तर हात कापतो आणि पत्रा थरथरतो. म्हणून तार आत घालून कड तिच्यावर वळवायची. वेल्डिंग मात्र सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, मध्ये ओलं फडकं. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते चाचा म्हणायचे, ‘‘पत्र्याला घाई कळते, लगेच वाकडा होतो.’’ वाकडेपणा लांबी भरून झाकता येतो, पण जाड लांबी आमच्या रस्त्यांवर एका पावसाळ्यात तडकते. मोगरीने ठोकून सरळ करावं, हेच खरं.

कायद्याचंही बघावं लागतं. गाडीत बदल करण्याविषयीचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. आणि आरसीत नोंदलेल्या कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. मला हे पटतं. मागचा भाग लांबवून, बंपरवर माणसं उभी करून धावणाऱ्या जीपा मी जिंतूर रोडवर पाहिल्या आहेत. तरी सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकने सुरू होणारी छोटी जीप केली आणि जानेवारी 2022 मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, तेव्हा मला घरचं कार्य पार पडल्यासारखा आनंद झाला. असल्या हातांना तपासणी करून रीतसर मंजुरी मिळेल अशी सोपी वाट तालुक्याच्या पातळीवर हवी, असं मला मनापासून वाटतं.

‘अगदी मूळ कर, किंमत येईल,’ असं मित्र सांगतात. मडगार्डं मी मूळ मापावर आणलीही. आजीची पायरी मात्र नट-बोल्टवर घेतली आहे. रस्त्यावर निघताना उतरवतो, शेतात लावतो. पायाखालचा पत्रा गंजून चाळण झालाय, तो मृगाआधी बदलायचा आहे.