पांढरीच्या शेतातील नाणी

आपल्या विद्यालयाच्या इतिहास-कक्षात खिडकीजवळच्या कपाटात एक पत्र्याची पेटी आहे. वसतिगृहात राहून गेलेल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांनी ती पाहिली असेल. काहींनी तिच्यात भरही घातली आहे. 'सरांची नाण्यांची पेटी' असे तिचे नाव पडले, ते मात्र चुकीचे आहे. तीत एकही नाणे नाही. आहेत ती खाकी पाकिटे. प्रत्येक पाकिटात एक कागद; त्यावर नाण्याच्या दोन्ही बाजूंचा शिसपेन्सिलीने घासून घेतलेला ठसा, सोनाराच्या काट्यावर केलेले वजन आणि खाली चार ओळी : कोणाला सापडले, कोणाच्या शेतात, विहिरीपासून किती पावलांवर, कोणते काम चालू असताना. नाणी तहसील कार्यालयात जमा केल्याच्या पोचपावत्याही त्याच पाकिटांत आहेत. स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा मुख्याध्यापकांचा आग्रह झाला, तेव्हा या पेटीविषयी लिहावे असे ठरविले. तिच्यामागे माझ्या दोन चुका आहेत. वर्गात त्या मी कधी सांगितल्या नाहीत.

पहिली चूक माझ्या शाळकरी वयातली. गोदाकाठच्या आमच्या गावाला लागून पांढरीची शेते आहेत. ज्यांचा शेतीशी संबंध उरला नाही त्यांच्यासाठी सांगतो : जिथे पिकते ती काळी, जिथे माणसे राहिली ती पांढरी. शेकडो वर्षे घरे उठली, पडली, चुलींची राख साचली की जमिनीचा रंग फिकट राखाडी होतो. जुनी वस्ती उठून जाते, वरून नांगर फिरतो, पण माती वस्तीची ओळख सोडत नाही. अशा शेतात खापरे, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि पहिल्या पावसानंतर एखादे नाणे वर येते. ते दिसते कोणाला? मालक बांधावर असतो. जमिनीपासून वीतभर अंतरावर डोळे असतात ते खुरपणाऱ्या बायांचे.

माझी आई त्या बायांपैकी एक होती. एके दिवशी तिने चंचीतून काढून एक जड, काळपट चकती माझ्या हातावर ठेवली. "खुरप्याला लागली. तू शिकतोस ना, बघ काय हाये ते." मी ती चिंच आणि राख लावून, आई तांब्या घासते तशी, खसाखसा घासली. एका बाजूला हत्ती दिसू लागला, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडणारी फुली. कडेला काही अक्षरे होती. माझ्या घासण्याने त्यांतली बहुतेक गेली.

पुढे एम.ए.ला असताना ते नाणे मी प्राध्यापकांना दाखविले. शिशाचे, सातवाहनांचे, त्यांनी क्षणात ओळखले. अक्षरांची दशा पाहून ते काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "कुठे सापडले?" मी गावाचे नाव सांगितले. "गावात कुठे? कोणत्या शेतात? सोबत आणखी काय होते?" आई त्यापूर्वी दोन वर्षे गेली होती. ती दहा जणांच्या शेतांत रोजाने जात असे. त्यांतले ते शेत कोणते हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते आणि मी तिला कधी विचारलेच नव्हते. नाणे विभागाच्या संग्रहात 'स्थळ अज्ञात' अशा खणात गेले. आजही तिथेच असावे.

जागेचे एवढे काय, असे पालक विचारतात. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभीचे उदाहरण मी नेहमी देतो. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा मिळाला : १३ हजारांहून अधिक नाणी, सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका राजाचा पराभव आणि दुसऱ्याचा अंमल एकाच नाण्यावर! असे एकेक नाणे कुठे सुटे मिळाले असते तर ती गंमत ठरली असती. हजारोंचा साठा एकत्र कळला, किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती तशीच आहेत हे मोजता आले, म्हणून तो पुरावा झाला. सोनाराच्या मुशीत गेला असता तर काही किलो चांदी.

ही चांदी आपल्याला परकी नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. सहलीत लेण्यासमोर बसवून मी मुलांना हे गणित घालतो. महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना बारा-बारा, बरोबर जुळते. १९०० वर्षांपूर्वीचा हिशेब सातवीच्या मुलीने बोटांवर जुळविला की तिच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी मी शिक्षक झालो, असे म्हटले तरी चालेल. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तोही चलनाचा इतिहास उकलूनच. नाणे हे कौतुकाने जपण्याच्या वस्तूपेक्षा अधिक काही असते, हे आपल्याला तरी निराळे सांगायला नको.

येथे एक कडू गोष्टही लिहितो. सातवाहन नाण्यावर तीन कमानींची टेकडी दिसली की आपले कार्यकर्ते लगेच 'स्तूप सापडला' म्हणून फलक लावतात. त्या चिन्हाला कोणी चैत्य म्हणतात, कोणी पर्वत. तज्ज्ञांत एकमत नाही. लेणी कोरविणाऱ्यांत माळी, लोहार, सुतार, गृहपती, भिक्खुणी यांची नावे लेखांत स्पष्ट कोरलेली आहेत. इतका पक्का पुरावा हाती असताना कच्च्या पुराव्यावर आरडाओरडा कशासाठी?

दुसरी चूक अलीकडची आणि अधिक लाजिरवाणी. आपला एक माजी विद्यार्थी, पुण्यात अभियंता, वैशाखात मला भेटायला आला तो मेटल डिटेक्टर घेऊनच. ऑनलाइन मागविला होता. "सर, आमच्या पांढरीच्या शेतात फिरवू या." खरे तर मी तिथेच नाही म्हणायला हवे होते. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविले पाहिजे, हा १८७८ चा कायदा मला पाठ होता. पण उत्सुकतेपुढे माझे शहाणपण टिकले नाही, आणि आईचा तो 'अज्ञात' खणही कुठेतरी मनात होता.

नांगरट झालेली, ढेकळे तापलेली. यंत्राचे तत्त्व त्याने समजावून सांगितले : खालच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातू असेल तर त्यात प्रवाह उमटतो, तो यंत्राला जाणवून आवाज होतो. नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर त्याहून थोडी खोल असली तरच कळते. आपल्या काळ्या खडकाच्या मातीत लोहकण इतके, की यंत्र आधी नुसतेच कुरकुरत राहिले. मग निघाले ते ट्रॅक्टरची पिन, बैलाच्या पायाची नाल, गुटख्याच्या चकचकीत पुड्या. लोखंड आणि चंदेरी कागद वगळायचे बटण त्याने दाबले तेव्हा मला हसू आले. शिशाचे आणि पोटीनचे नाणे त्या बटणाने पुड्यांबरोबरच वगळले गेले असते. ते बंद करायला लावले आणि तासाभरात तीन नाणी हाती आली, हिरवी-करडी, पोटीनची. नंतर बाभळीजवळ यंत्र एकसारखे वाजू लागले. एक हात माती काढली तर राखेचा थर आणि त्यात एका मडक्याचा काठ.

"सर, काढू?" त्याचे हात थरथरत होते. माझेही.

मी नको म्हणालो. मडके ज्या थरात बसले आहे तो थरच त्याचा जन्मदाखला असतो, हे मी त्याला तिथे उन्हात उभा राहून सांगितले. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाचे मूळ खणताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. मोडीत घातले असते तर त्या घराला काही महिने पुरले असते. पण ते जगापुढे आले आणि शोधकर्त्याचे नावही पुस्तकांत राहिले. तरीसुद्धा त्यांच्या काळाविषयी विद्वान वाद घालत राहिले, कारण त्या वस्तू उत्खननातल्या थरातून निघाल्या नव्हत्या. इंग्लंडमधली गोष्टही सांगितली. १९९२ साली हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधताना एरिक लॉज यांच्या यंत्राला रोमन नाणी लागली. त्यांनी थोडे काढून हात थांबविला आणि कळविले. तज्ज्ञांनी येऊन उरलेले जसेच्या तसे उचलले, त्यामुळे नाणी कशी रचून ठेवली होती तेही समजले. सुमारे १५ हजार नाणी! हातोडी सापडली तीही संग्रहालयाने ठेवून घेतली.

त्याचे वडील मात्र वेगळ्या काळजीत होते. "गुरुजी, सरकारला कळलं तर जमीन जाईल. अन् गावाला कळलं तर रातीतून खड्डे पडतील." जमीन जात नाही, मालक ठरला नाही तर सापडविणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनधारकाला एक हिस्सा मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, हे मी त्यांना पटवून दिले. त्यांच्या दुसऱ्या वाक्याकडे मात्र मी लक्ष दिले नाही. आम्ही खड्डा बुजविला, पावले मोजली, नकाशा काढला. दुसऱ्या दिवशी तीन नाण्यांसह अर्ज दिला, पोच घेतली.

पण मुलाने त्या तीन नाण्यांचे छायाचित्र मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले होते. त्याला मी तसे न करण्यास सांगितले नव्हते. आठ दिवसांत एक भगत त्यांच्या दारात आला. अमावस्येला कोंबडा दिला तर 'धन' वर येईल म्हणाला. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे नाव काढताच तो निघून गेला; नुसता भगत असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पंचनाम्याला कोणी यायच्या आत, मृगाच्या तोंडावर, एका रात्री बाभळीजवळ कंबरभर खड्डा पडला. सकाळी मी पोहोचलो तेव्हा राखेचा थर उलटापालटा झालेला, मडक्याचे ताजे फुटलेले तुकडे इकडेतिकडे. त्यांची फुटलेली कड विटेसारखी लाल होती. ढेकळाला चिकटलेले एकच नाणे राहून गेले होते. किती नेली, कोणाची होती, कशी रचली होती, काही कळणार नाही. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पाणी आणून दिले आणि फावड्याने खड्डा भरायला घेतला.

तो डिटेक्टर मुलाने माझ्याकडेच सोडला. कपाटाच्या वरच्या खणात आहे, बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत. त्या वर्षापासून पेटी सुरू झाली. आमचे साधन एवढेच : वही, पेन्सिल आणि घरच्या बायांना विचारायचे प्रश्न. कोणी खणायचे नाही, नांगराने किंवा पावसाने वर आणलेलेच उचलायचे, घासायचे नाही, फोटो कोणाला पाठवायचा नाही.

गेल्या श्रावणात आठवीतल्या एका मुलीने कापडात गुंडाळून नाणे आणले. सोबत तिने स्वतः लिहिलेला कागद होता. आजी दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली होती. नाणे लागले तेव्हा तिने त्या जागी बांधावरचा दगड आणून ठेवला आणि संध्याकाळी नातीला नेऊन दाखविला. विहिरीपासून एकशे बारा पावले, नातीची. कागदाच्या तळाशी आजीचा अंगठा होता. मी विचारले, अंगठा कशाला? मुलगी म्हणाली, "सर, सापडलं तिला ना."

पेटीतले अगदी पहिले पाकीट मी आईच्या नावाचे केले आहे. हत्तीचा ठसा त्यात आहे, वजन आहे, काम 'खुरपणी' असे लिहिले आहे. शेताची ओळ कोरी आहे.