रिपब्लिकन? कोणत्या गटाचे?

इंग्रजीतल्या ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला मराठी प्रतिशब्द शोधायला बसले, की मराठीच्या प्राध्यापकाची दुपार मजेत जाते. ‘सनातनी’ म्हणावे तर सोवळे आणि पळी-पंचपात्र डोळ्यांपुढे येते. ‘पुराणमतवादी’ म्हणावे तर शिवी हासडल्यासारखे वाटते. ‘परंपरानिष्ठ’ हा शब्द मानपत्रातच शोभतो. आपल्या जुन्या वृत्तपत्रकारांनी मात्र विलायतेतल्या त्या पक्षाला झकास नाव देऊन ठेवले : ‘हुजूर पक्ष’. समोर ‘मजूर पक्ष’ होताच, यमकही जुळले. या हुजुरांची आणि आम्हा जालनेकरांची ओळख तशी जुनी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८२८ साली याच परंपरेतला पंतप्रधान.

अमेरिकेतल्या हुजुरांना मात्र मराठीने नाव दिले नाही. ‘रिपब्लिकन’ हा शब्द होता तसा उचलला, आणि तिथेच घोटाळा झाला.

माझे थोरले चुलतभाऊ (आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो) चाळीसहून अधिक वर्षे टेक्सासात आहेत. मागे एकदा ते जालन्याला आले असताना गल्लीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांशी मी त्यांची गाठ घालून दिली. बोलण्याच्या ओघात सांगितले, की दादा तिकडचे पक्के रिपब्लिकन आहेत. पोस्टमास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी दादांचा हात हातात घेऊन आपुलकीने विचारले, “वा! कोणत्या गटाचे?”

मराठवाड्यात रिपब्लिकन म्हणजे बाबासाहेबांच्या कल्पनेतला, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेला पक्ष, त्याचा निळा झेंडा, आणि मोजता मोजता बोटे अपुरी पडावीत इतके त्याचे गट. दादांना हसावे की रागवावे ते कळेना. मला मात्र वाटते, पोस्टमास्तर फारसे चुकले नव्हते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. अमेरिकन रिपब्लिकनांचाही हत्तीच. टॉमस नास्ट नावाच्या व्यंगचित्रकाराने १८७४ साली तो लोकप्रिय केला. आणि चिन्हाचे सोडा, जन्मकथा पाहा. हा पक्ष १८५४ साली गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिला, लिंकन त्याचाच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना. वर्गात मी ही अर्पणपत्रिका शिकवतो तेव्हा पोरे विचारतात, “सर, मग हाच पक्ष पुढे जुन्या मताचा कसा झाला?”

उत्तर एका तासिकेत बसत नाही. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याला सिनेटमधल्या ३३ रिपब्लिकनांपैकी २७ जणांनी पाठिंबा दिला होता. विरोध करणाऱ्या सहांपैकी एक बॅरी गोल्डवॉटर. त्याच वर्षी पक्षाने अध्यक्षपदासाठी उभे केले ते नेमके या गृहस्थाला. तो सपाटून पडला, सहाच राज्ये मिळाली. पण त्यांतली पाच राज्ये दक्षिणेतली, जिथे लिंकनचे नाव घेतले तरी कपाळाला आठ्या पडत. हत्तीने कूस बदलली ती तेव्हापासून.

दादांच्या कपाटात गोल्डवॉटरचे १९६० सालचे ‘द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’ अजून आहे. पण माझ्या मते त्यांच्या मताचे मूळ त्या पुस्तकात नाही, जालन्याच्या मोंढ्यात आहे. काकांची, म्हणजे दादांच्या वडिलांची, मोंढ्यात कापसाची आडत होती. १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेलाच घालायचा. खासगी व्यापाऱ्याला खरेदीची बंदी. शेतकऱ्याची व्यापाऱ्याच्या काट्यापासून सुटका व्हावी हा हेतू, आणि तो खोटा नव्हता. माझ्या आजोळची माणसे शेतकरी. ती या योजनेवर खूश होती. काकांची आडत मात्र बंद पडली. वर्ष दुष्काळाचे. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो यायचा. काका रिकाम्या गादीवर बसून राहत आणि पंधरा वर्षांचे दादा मिलोची भाकरी तोडताना मनाशी पक्के करीत, की जिथे सरकार माणसाच्या धंद्यात हात घालणार नाही तिथे जायचे. ही हकीकत माझ्या जन्माआधीची. पण घरात ती इतक्यांदा ऐकली आहे, की त्या भाकरीची चव मलाही ठाऊक आहे असे वाटते.

दादा १९८१ साली तिकडे पोचले, त्याच वर्षी रेगन अध्यक्ष झाला. सरकार हेच दुखण्याचे मूळ आहे, अशा अर्थाचे त्याचे पहिले भाषण दादांनी विद्यार्थ्यांच्या खोलीत टीव्हीवर ऐकले. काकांची गादी कोणीतरी परत झटकून घालावी तसे त्यांना झाले असणार.

अमेरिकन जुन्या मताची एक गंमत मात्र मान्य करायला हवी. आपल्याकडे जुने म्हणजे निदान चारशे वर्षे तरी हवीत. समर्थ रामदास आमच्या जिल्ह्यातल्या जांबेला १६०८ साली जन्मले. इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकाऊ वसाहत जेम्सटाऊन वसली ती १६०७ ची. त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला तेव्हा आपले सवाई माधवराव दोन वर्षांचे होते. म्हणजे त्यांचे जुने ते आपले कालपरवाचे. शिवाय ते जपतात काय, तर एक बंड आणि त्यातून १७८७ साली निघालेला घटनेचा कागद. तो कागद त्यांनी मोठ्या निष्ठेने सांभाळला. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत दुरुस्त्या सत्तावीस. जुन्या घराची भिंत पाडण्यापूर्वी ती कोणी आणि का बांधली ते विचारावे, हे दादांचे म्हणणे मला मनापासून पटते. वेलांट्या-उकारांच्या बाबतीत मीही त्याच पंथाचा आहे.

पण २०२५ साल उजाडले आणि दादांच्या भिंतींना त्यांच्याच माणसांच्या कुदळी लागल्या. २०२४ साली दादांनी मत ट्रंप यांना दिले होते. ऑगस्टमध्ये भारताच्या मालावरचा अमेरिकन कर ५० टक्क्यांवर गेला. इकडे गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. बाजारातली बोली त्याच्या खालीच घुटमळत राहिली. मी फोनवर विचारले, “दादा, काकांच्या धंद्यात सरकारने हात घातला म्हणून तुम्ही देश सोडलात. आता तुमचे सरकार इथवर हात लांबवते आहे, त्याचे काय?” दादा म्हणाले, मॅकिन्लीच्या काळापासून आयातकर ही पक्षाची जुनीच रीत आहे. हे खरेच आहे. पण रेगनच्या नावाने पंचेचाळीस वर्षे गंध लावणाऱ्याने मॅकिन्लीचा फोटो माळ्यावरून काढावा, हे मला रुचले नाही, आणि तसे मी बोललोही.

खरा पेच घरातच पडला. माझ्या बहिणीचा मुलगा डॅलसजवळ नोकरीला आहे, एच-वन-बी व्हिसावर. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, मार्चची तारीख दिली होती. २० जानेवारीला अध्यक्षांनी हुकूम काढला : आई-बाप तात्पुरत्या परवान्यावर असतील तर त्यांच्या मुलाला जन्माने नागरिकत्व नाही, तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्यांपासून लागू. बहिणीने त्या रात्री तीनदा फोन केला. “बाळ कोणत्या देशाचं म्हणायचं रे?” एवढेच विचारत होती.

जन्माने नागरिकत्व देणारी ती चौदावी दुरुस्ती १८६८ ची. सुटलेल्या गुलामांसाठी ती आणली लिंकनच्या पक्षानेच. आपल्या लोकांचे त्या देशातले नागरिकत्व किती नाजूक होते तेही आठवावे. १९२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद हा गोरा नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारले. त्याचा वकील होता सखाराम गणेश पंडित. नाव आपल्या पेठेतलेच वाटते. सरकार मग या पंडितांच्याही नागरिकत्वावर उठले, पण ते कोर्टात पुरून उरले. आपल्या लोकांना तो दरवाजा कायद्याने उघडला तो १९४६ साली.

दादांनी आधी हुकमाची बाजू घेतली. आपण नियमाने रांगेत उभे राहिलो, तसे सगळ्यांनी राहावे, असे ते बोलत होते. वहिनी भाजी निवडत फोनजवळच बसल्या असाव्यात. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “अहो, आपला मोठा ८८ साली झाला तेव्हा आपण तरी कशावर होतो? तुमच्या कामाच्या व्हिसावरच ना?”

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग दादा म्हणाले, “उद्या बोलतो.”

तीन दिवसांनी, २३ जानेवारीला, सिएटलच्या एका न्यायाधीशाने तो हुकूम उघड उघड घटनाविरोधी ठरवून रोखला. त्याच रात्री दादांचा फोन आला. आवाज चढलेला. “न्यायाधीश कोण आहे माहीत आहे का? जॉन कॉफनौर. १९८१ साली रेगननं नेमलेला! आमचा माणूस आहे. घटना बदलायची तर घटनेच्या वाटेनं बदला, हुकूम काढून नाही. हेच खरं जुनं मत, मास्तर.” मी म्हटले, हे मला पोस्टमास्तरांना सांगावे लागेल, गट सापडला. त्यावर ते प्रथमच मोकळे हसले. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला त्यांनी याच आशयाचे पत्र लिहिले. उत्तर छापील आले.

बाळ मार्चमध्येच झाले, मुलगी. जन्मदाखला आणि निळा पासपोर्ट दोन्ही वेळेवर हाती पडले. बारशाला दादा-वहिनी चार तास गाडी चालवत गेले, चांदीचे वाळे घेऊन. तिथे दादांचे आणि भाच्याचे आयातकरावरून पुन्हा वाजलेच. भाच्याच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे, की त्याच्या आधी मुलगीच मतदान करील असा घरात अंदाज आहे. ती मत कोणाला देईल यावर दोघांची पैज लागली आहे. पैजेची रक्कम मला कोणी सांगत नाही.