काका, मधली माणसं कुठेही गेलेली नाहीत

घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर चढवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलंय, हे तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक आहेच. (उरलेल्या निम्म्यांनी अजून माहितीचा कागद भरून पाठवलेला नाही. असो.)

परवा काकांचा फोन. "अरे, मला नागपूरकरांकडे दत्तक दिलंस की काय?"

बघतो तर खरंच! नागपूर शाखेच्या पणजोबांच्या मुलांत काका.

झालं होतं असं. मी एकेका शाखेची सगळी नावं कच्च्या टेबलातून 'इन्सर्ट सिलेक्ट'ने एका झटक्यात पक्क्या टेबलात ओततो. प्रत्येकाला क्रमांक मायएसक्यूएल स्वतःच देतं, पण नंतर विचारलं तर सांगतं फक्त पहिल्याचा. पुढचे मी एकेक मिळवून गृहीत धरायचो. 5.7 पर्यंत हे खपून जायचं, कारण असा इन्सर्ट संपेपर्यंत इनोडीबी दुसऱ्या कुणाला क्रमांकच देत नसे. 2018 साली आलेल्या 8.0 मध्ये मूळ सेटिंग बदललं आणि दोघांना एकाच वेळी क्रमांक मिळू लागले. किती नावं येणार हे आधी माहीत नसल्याने ते आधी 1, मग 2, 4, 8 असे दुपटीने क्रमांक उचलतं. माझे 801 ते 815 झाले आणि नेमका तेव्हाच न्यू जर्सीहून चुलतभावाने काकांची शाखा चढवायला घेतली. 816 त्याच्या यादीतल्या पहिल्या नावाला. म्हणजे काकांना!

ते दुरुस्त केलं. आता क्रमांक गृहीत न धरता शाखा आणि कागदावरची ओळ यांवरून शोधतो.

पण काकांचा खरा प्रश्न पुढेच होता. "मधले दोनेकशे आकडे दिसत नाहीत. कुणाला गाळलंस?"

300 नावांसाठी दुपटीने उचलता उचलता 511 क्रमांक उचलले जातात. उरलेले 211 वाया, परत मिळत नाहीत. हे मी तीनदा सांगितलं. पटेना. मग लक्षात आलं. जुन्या छापील वृत्तांतात त्यांच्या आईचं नावच नव्हतं. 'पत्नी' एवढंच, पुढे रेघ.

"तुमच्या आईचा क्रमांक 818," मी म्हटलं.

"थांब, लिहून घेतो."